बहुपुटी अंडाशयविकाराच्या चाळणीत रक्ततपासणीचे स्थान

स्त्रीच्या अंडाशयाचा जो विकार 'पीसीओडी' या आद्याक्षरी नावाने आता तालुक्याच्या गावांतही सर्वांच्या तोंडी झाला आहे, त्याच्यासाठी रक्ताची कोणती तपासणी करावी, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. अनेक प्रयोगशाळांच्या दरपत्रकांत या नावाचा एक तयार संच छापलेला असतो. त्यात अनेक संप्रेरकांची नावे एका ओळीत येतात. संच मागविला की उत्तर हाती येईल, असा समज रुग्णांचाच नव्हे, तर काही नवशिक्या डॉक्टरांचाही असतो. वास्तविक या विकाराला एका आकड्यात 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर देणारी एकही रक्ततपासणी नाही. ज्या तपासण्या आहेत, त्यांतील काही अन्य रोग वगळण्यासाठी आहेत व काही नरसंप्रेरकांचे आधिक्य दाखविण्यासाठी. उरलेली एक, जी पुष्कळदा संचात नीट समाविष्टच नसते, ती मधुमेहाची चाहूल घेण्यासाठी आहे. या शेवटच्या तपासणीचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील नेर-परसोपंत या गावाचे उदाहरण समोर ठेवून करावयाचा आहे. नेर हे यवतमाळ–अमरावती रस्त्यावरील तालुक्याचे गाव. भोवताली कापूस, तूर, सोयाबीन यांची शेती. मोठे रुग्णालय म्हणजे यवतमाळचे १९८९ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अशा ठिकाणी कोणती तपासणी सांगावी, याइतकेच ती कशी करावी यालाही महत्त्व येते.

प्रथम नावाविषयी. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल या दोघांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची पाळी बंद होती आणि अंडाशय मोठे व पुटीमय होते. तेव्हापासून विकाराची ओळख अंडाशयाच्या रूपावरून होऊ लागली. परंतु ज्यांना पुटी म्हटले जाते, त्या खऱ्या अर्थाने पुटी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेली ती अंडपुटके होत. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की फ्रान्समधील आशार व थिएर यांनी १९२१ सालीच दाढी आलेल्या स्त्रियांमधील मधुमेहाची नोंद केली होती. म्हणजे साखरेचा धागा प्रथमपासून दिसत होता. पुढे १९८० साली बर्घेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांच्या रक्तातील इन्शुलिनचे आधिक्य व नरसंप्रेरकांचे आधिक्य यांचा परस्परसंबंध दाखविला. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक निर्माण करते. ते वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला नरसंप्रेरके बनविण्यास उद्युक्त करते आणि यकृतात तयार होणारे, नरसंप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. परिणामी रक्तात मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. विकाराचे नाव अंडाशयावरून पडले असले, तरी त्याचे मूळ पुष्कळ अंशी चयापचयात आहे.

निदानाच्या निकषांवर आकडे किती अवलंबून असतात, हे महाराष्ट्रातील एका पाहणीवरून चांगले कळते. मुंबईत पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींची वस्तीपातळीवर पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रॉटरडॅमचे २००३ चे निकष लावता २२.५ टक्के मुलींना हा विकार असल्याचे ठरले. नरसंप्रेरकांच्या आधिक्याची अट अनिवार्य धरता तेच प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. मुली त्याच, रक्त तेच; व्याख्या बदलताच रुग्णसंख्या निम्म्याहून कमी झाली. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीतही वेगवेगळ्या निकषांनी ७.२, १३.६ व १९.६ टक्के असे तीन आकडे आले. आपल्या विद्यार्थ्यांनी कोणताही प्रसारदर वाचताना निकष कोणता, हे आधी विचारावे.

रॉटरडॅमच्या निकषांत तीन गोष्टी आहेत : बीजोत्सर्गाची अनियमितता, नरसंप्रेरकांच्या आधिक्याचा शारीरिक वा रासायनिक पुरावा, आणि अंडाशयाचे विशिष्ट रूप. यांपैकी दोन असाव्यात आणि तशीच लक्षणे देणारे अन्य रोग वगळलेले असावेत. येथून एक सोपा परंतु वारंवार विसरला जाणारा निष्कर्ष निघतो. प्रौढ स्त्रीची पाळी पस्तीस दिवसांहून अधिक अंतराने येत असेल आणि हनुवटी, छाती, पोट यांवर पुरुषी धाटणीचे केस स्पष्ट दिसत असतील, तर दोन अटी रक्त न काढताच पूर्ण होतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनीही हेच सांगितले आहे. अशा स्त्रीला टेस्टोस्टेरॉनचा आकडा मागणे म्हणजे भर दुपारी कंदील लावणे होय. रक्त काढावयाचे ते अन्य रोग वगळण्यासाठी.

वगळण्याच्या तपासण्या थोड्या आहेत. पाळी चुकली असता सर्वांत आधी गर्भधारणेची परीक्षा करावी. ती सर्वांत स्वस्त, आणि संकोचामुळे सर्वांत अधिक टाळली जाणारी आहे. त्यानंतर अवटू ग्रंथीसाठी टीएसएच व पोष ग्रंथीसाठी प्रोलॅक्टिन. सुई टोचण्याच्या भीतीनेही प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून किंचित वाढलेला आकडा पुन्हा तपासल्याविना ग्राह्य धरू नये. अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात विकार हुबेहूब हीच लक्षणे देतो. त्याच्यासाठी सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे पाळीच्या आरंभीच्या दिवसांत, सकाळी पाहावे. ते मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमहून कमी असल्यास तो विकार बहुधा नाही. केस व आवाजातील फरक काही महिन्यांतच झपाट्याने वाढला असेल, तर मात्र ही चाळणीची बाब राहत नाही. तेथे अर्बुदाचा शोध घ्यावा लागतो.

नरसंप्रेरकांचे मापन हा सर्वांत निसरडा भाग. पुरुषाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारणपणे ३०० ते १००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते, तर स्त्रीच्या रक्तात त्याचा दहावा हिस्साही बहुधा नसतो. नेहमीच्या प्रतिपिंडाधिष्ठित पद्धती पुरुषांच्या पातळीवर ठीक चालतात. स्त्रीच्या अल्प पातळीवर त्यांचा आकडा डळमळतो. द्रव्यमान-वर्णपटाची पद्धत अधिक विश्वसनीय आहे, पण ती महाग व मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांपुरती मर्यादित. बंधक प्रथिन मोजून एकूण टेस्टोस्टेरॉनशी त्याचे गुणोत्तर काढल्यास मोकळ्या अंशाचा अंदाज येतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असता या मापनाला अर्थ उरत नाही. गोळ्या थांबवून निदान तीन महिने लोटलेले असावेत. कित्येकदा पाळी आणण्यासाठी अशाच गोळ्या आधी दिल्या जातात आणि नंतर संच मागविला जातो. हा क्रम उलटा आहे.

संचातील आणखी तीन नावांविषयी थोडक्यात. पोष ग्रंथीच्या दोन संप्रेरकांचे, एलएच व एफएसएचचे, गुणोत्तर एके काळी निदानाचा आधार मानले जाई. आता ते कोणत्याही मान्य निकषात नाही. उपाशीपोटी इन्शुलिन मोजण्याची सर्वत्र प्रमाणित अशी पद्धत नसल्याने व्यक्तिशः निदानासाठी त्याचा उपयोग नाही. एएमएच हे लहान अंडपुटकांच्या कणिकापेशींतून स्रवते. ते अंडाशयाच्या ध्वनिचित्रणाऐवजी वापरण्यास २०२३ च्या सूत्रांनी प्रौढ स्त्रियांपुरती मान्यता दिली, मात्र एकटे नव्हे, व किशोरवयीन मुलींत मुळीच नव्हे. कारण त्या वयात अंडपुटके स्वभावतःच पुष्कळ असतात. सोळा वर्षांच्या मुलीला केवळ या आकड्यावरून रोगी ठरविणे हा अन्यायच होय. खेड्यात त्या शब्दाचे पडसाद तिच्या विवाहाच्या बोलणीपर्यंत पोचतात.

आता मुख्य मुद्दा. या विकाराची स्त्री सडपातळ असली म्हणजे तिला मधुमेहाचे भय नाही, अशी समजूत आढळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे दिली होती. दोघांचाही देहवस्तुमान-निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय देह वजनकाट्यावर कृश दिसूनही आतून मेदयुक्त असू शकतो. वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या पाहणीतही विकारग्रस्त मुलींपैकी सुमारे ७२ टक्के स्थूल नव्हत्या. म्हणून साखरेची तपासणी वजनाकडे न पाहता सर्वांचीच करावी, आणि तीही पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी. उपाशीपोटीची साखर पुष्कळ दिवस निर्दोष राहते. बिघाड आधी दोन तासांनंतरच्या आकड्यात उमटतो. तो १४० ते १९९ मिलिग्रॅम असल्यास ग्लुकोज पचविण्याची शक्ती घटली आहे व २०० वा अधिक असल्यास मधुमेहाची पातळी गाठली आहे, असे समजावे.

दोन तास थांबण्याचा त्रास टाळण्यासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी सुचविली जाते. नागपूर वा मुंबईच्या पुस्तकी रुग्णाला ती ठीक. नेरच्या परिसरात तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ही तपासणी तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. म्हणून पेशींचे आयुष्य बदलले की साखर तीच असूनही आकडा बदलतो. लोहाच्या कमतरतेने झालेल्या पांडुरोगात तो खोटा वाढतो, आणि हा पांडुरोग आपल्या ग्रामीण स्त्रियांत किती सामान्य आहे हे सांगावयास नको. उलट सिकलसेल रोगात पेशी लवकर नाश पावतात व आकडा खोटा उतरतो. ज्यांच्यात या दोषाचा केवळ एक अंश आहे, अशा वाहकांतही मापनपद्धतीनुसार तो चुकू शकतो. मध्य भारतात सिकलसेल असल्याचे शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदविले. विदर्भातील आदिवासी व अन्य अनेक समाजांत तो आढळतो आणि यवतमाळ जिल्हा त्याला अपवाद नाही. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतील तपासणीपत्र रुग्णाजवळ असेल, तर ते आधी पाहावे. एकाच स्त्रीत लोहाचा अभाव व सिकलसेलचा अंश दोन्ही असतील, तर दोन चुका परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात आणि आकड्याचा अर्थ लावणे जवळजवळ अशक्य होते.

तेव्हा ग्लुकोज पाजण्याची जुनी परीक्षाच बरी. परंतु तिलाही एक शत्रू आहे. नळीत काढलेले रक्त मृत नसते. त्यातील पेशी श्वसनासारखीच आपली ऊर्जाक्रिया चालू ठेवून ग्लुकोज खात राहतात, आणि साध्या नळीत, सामान्य तापमानात, तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर नाहीशी होते. उष्णतेने हा वेग वाढतो. समजा, नेरला एखाद्या स्त्रीचा दोन तासांनंतरचा खरा आकडा १५० आहे. रक्त साध्या नळीत ठेवून दोन तासांनी यवतमाळला पोचले, तर सहा टक्क्यांच्या हिशेबाने तेथे सुमारे १३२ मिळतील आणि बिघाड असूनही 'निर्दोष' असा शेरा पडेल. वैशाखातील बसमध्ये घट याहूनही अधिक होईल. फ्लुओराइडची नळी वापरावी हे खरे, पण फ्लुओराइडचा अंमल पूर्ण बसण्यास एक-दोन तास लागतात व तोवरची घट टळत नाही. बर्फात ठेवणे, किंवा अर्ध्या तासाच्या आत यंत्रावर फिरवून पेशी वेगळ्या करणे, हा खरा उपाय. सायट्रेट मिसळलेल्या नळ्या पेशींची क्रिया तत्काळ थांबवितात. त्या मिळाल्यास उत्तम. संप्रेरकांच्या मापनासाठी रक्तद्रव वेगळा करून थंड स्थितीत दूर पाठविता येतो. साखरेची परीक्षा मात्र शक्य तितकी जागच्या जागी व्हावी.

निदान झालेल्या स्त्रीची ही परीक्षा दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. घरात मधुमेह असेल वा वजन वाढत असेल, तर अंतर कमी ठेवावे. गर्भधारणेची इच्छा असल्यास ती आधी करावी, आणि राहून गेल्यास गर्भारपणाच्या चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात तरी अवश्य करावी. रक्तातील मेदद्रव्येही निदानाच्या वेळी एकदा पाहिलेली असावीत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ दिले असता बी-बारा जीवनसत्त्व घटते. शाकाहारी स्त्रियांत ते मुळातच कमी असण्याचा संभव असल्याने, औषध चालू असता त्याची पातळी मधून मधून तपासावी. ही पातळी घसरून झालेल्या पांडुरोगातही एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसते, आणि औषध लागू पडत नाही असा भ्रम होऊ शकतो.