जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट केव्हां बदलावा?

जुनी मोटार विकत घेणारा गृहस्थ प्रथम रंग पाहतो, मग टायर पाहतो, आसनें दाबून पाहतो आणि शेवटीं इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकतो. या सर्व परीक्षेंतून एक वस्तु सहसा सुटते. कारण ती झांकणाच्या आड असते व बिघडत आली तरी बहुधा आवाज करीत नाहीं. ती वस्तु म्हणजे टायमिंग बेल्ट. अंगठ्याएवढ्या रुंदीचा, आंतून कांचतंतूंनीं बळकट केलेला हा रबरी दातेरी पट्टा. परंतु कित्येक गाड्यांत सबंध इंजिनाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृति काढलीच असेल. हवा आंत घेणें, ती दाबणें, स्फोट आणि धूर बाहेर टाकणें, या चार क्रियांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. परंतु प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीनें फिरला पाहिजे. हा मेळ राखण्याचें काम टायमिंग बेल्टाचें. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळां उघडते व मिटते. इतक्या घाईंत एका दांत्याचीहि चूक चालत नाहीं.

आतां पट्टा तुटला तर काय होईल? कॅमशाफ्ट तत्काळ थांबतो व कांहीं झडपा उघड्याच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र गाडीच्या वेगानें फिरतच राहतो आणि त्याबरोबर दट्ट्येहि वरखालीं होतात. कांहीं इंजिनांत झडप व दट्ट्या यांच्यामध्यें पुरेसें अंतर ठेविलेलें असतें. तेथें गाडी केवळ बंद पडते. परंतु पुष्कळशा इंजिनांत दोघेहि एकच जागा निरनिराळ्या क्षणीं वापरतात. अशा इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो, झडपा वांकतात, कधीं दट्ट्याहि फुटतो. मग पट्ट्याच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च येतो. बोरघाटासारख्या चढणीवर भरल्या गाडीचें इंजिन असें अकस्मात् बंद पडलें, तर ब्रेक जड होतात, मागून ट्रका येत असतात. मग प्रश्न केवळ पैशाचा राहत नाहीं.

पूर्वीं या कामास बहुधा लोखंडी सांखळी किंवा दातेरी चाकें असत. १९६२ सालीं जर्मनींतील ग्लास कंपनीनें आपल्या १००४ या गाडींत दातेरी पट्टा बसविला. तो हलका, स्वस्त व आवाज न करणारा असल्यामुळें पुढें सर्वत्र पसरला. आपल्याकडे १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० मध्यें पट्टाच होता. त्याच कंपनीच्या पुढील के-मालिकेच्या इंजिनांत सांखळी आली. सांखळी झिजूं लागली कीं बहुधा खडखडते. पट्टा अशी सूचना क्वचितच देतो. म्हणून आपल्या गाडींत पट्टा आहे कीं सांखळी, हें प्रथम पुस्तिकेंत पाहावें.

पुस्तिकेंत दोन मर्यादा दिलेल्या असतात, एक किलोमीटरांची व दुसरी वर्षांची. त्यांपैकीं जी आधीं भरेल ती खरी. हे आंकडे इंजिनागणिक बदलतात: कोठें ६०,००० किलोमीटर, कोठें १,००,००० अथवा अधिक. वर्षांची मर्यादा लोक विसरतात, आणि येथेंच जुन्या गाडीचा ग्राहक फसतो. "गाडी फारशी चाललेलीच नाहीं हो," असें विकणारा अभिमानानें सांगतो. परंतु रबर हें उभ्या गाडींतहि म्हातारें होतें. बारा वर्षांत ३०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचा मूळचा पट्टा मला तरी भरंवशाचा वाटणार नाहीं. शिवाय किलोमीटरांचा आंकडा मागें फिरविणारे लोकहि जगांत आहेतच.

मग पुरावा कोणता मानावा? तारीख व किलोमीटर लिहिलेलें बिल. तें नसेल, तर पट्टा बदललेलाच नाहीं असें समजून चालावें आणि तो खर्च सौद्यांतच धरावा. झांकण काढून पाहिल्यास भेगा, सुटलेले धागे किंवा तेलाचे डाग दिसले, तर पट्टा लगेच बदलावा. परंतु कांहीं न दिसणें हें निर्दोषपणाचें प्रमाण नव्हे, कारण आंतील तंतु डोळ्यांस दिसत नाहींत. दहा कुमारींच्या दृष्टांतांतील तेलाप्रमाणें हेंहि काम ऐन वेळीं साधत नाहीं. ज्या इंजिनांत झडपा आदळण्याचें भय नाहीं व गाडी गांवांतल्या गांवांतच फिरते, तेथें महिना-दोन महिने थांबल्यास मी दोष देणार नाहीं.

पट्टा बदलतांना त्यास ताण देणारा टेन्शनर व त्याचीं बेअरिंगेंहि बदलावीं; वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोहि. मजुरीचा मोठा भाग तेथवर पोहोंचण्याचाच असतो, आणि जुनें बेअरिंग अडकलें तर नवा पट्टाहि जातो. नवा पट्टा दुमडूं नये, त्यानें कांचतंतु मोडतात. बसविल्यावर मिस्त्रीनें इंजिन हातानें पुरे दोन फेरे फिरवून खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. दोनच फेरे कां, हें वर सांगितलेल्या हिशेबावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल. शेवटीं तारीख व किलोमीटर लिहिलेली एक चिठ्ठी झांकणावर चिकटवून घ्यावी व बिल गाडीच्या कागदांत ठेवावें. पुढें गाडी विकावयाची झाल्यास घेणाऱ्यास तेंच दाखवितां येईल.