घरच्या घासाची किंमत

‘बाहेरचे बंद करा, घरचे द्या’ हे वाक्य बालरोगतज्ज्ञ म्हणून मी आजवर किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. औषधाच्या चिठ्ठीवर गोळीची किंमत डोळ्यांपुढे असते. या सल्ल्याची किंमत मात्र आपण कधी विचारीत नाही. घरचे ते स्वस्त आणि बाहेरचे ते महाग, हे आपण गृहीतच धरलेले असते. जोयड्यातील एका आईने माझे हे गृहीतक मोडून काढले. त्याची ही हकिकत.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपे पाण्याखाली गेले आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरला नवा संसार मांडला. उरलेला तालुका बव्हंशी अरण्य. चार-सहा घरांची वाडी, मग मैलोगणती झाडी, मग पुन्हा चार घरे. येथील कुणबी समाजाने भात, नाचणी आणि मुडली, कोन, काटेकणगे अशा कंदमुळांवर पिढ्या काढल्या. अलीकडच्या काळात गणेशगुडीचे नौकानयन आणि काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल यांमुळे पर्यटकांची रीघ लागली आहे. ठिकठिकाणी ‘होम स्टे’ उभे राहिले असून ‘चुलीवरचे घरगुती जेवण’ हे त्यांचे मोठे आकर्षण ठरले आहे.

अशाच एका परिसरातील तपासणी शिबिरात दहा महिन्यांची एक मुलगी माझ्यापुढे आली. वजन साडेसहा किलो. त्या वयाच्या मुलीचे सरासरी वजन साडेआठ किलोच्या घरात असते, म्हणजे बाळ सरळसरळ कमी वजनाचे. अंगावरचे दूध सकाळी आणि रात्री. दिवसभर आजीजवळ, आणि आजीच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा, चहात बुडवून. मी सवयीने माझे वाक्य म्हटले. आई शांतपणे म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पाहुण्यांना घरचं जेवण मीच करून घालते. सकाळी सातला जाते, दिवेलागणीला येते. माझ्या पोरीला घरचं कोण करणार?”

‘घरचे जेवण’ हाच जिचा व्यवसाय, तिच्याच घरात ते नव्हते. मी निरुत्तर झालो.

परतल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार नऊ ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या बाळाला पूरक आहारातून दिवसाला सुमारे ३०० कॅलरी लागतात. तीन-चार वेळा भरवावे लागते. साठ ग्रॅम नाचणीचे पीठ, पंधरा ग्रॅम मूगडाळ आणि चमचाभर तेल किंवा तूप यांत ही गरज जवळपास भागते. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे साठ ग्रॅमला तीन रुपयेही नाहीत. डाळ आणि तेल धरून सारा खर्च सहा रुपयांच्या आसपास. आता पुडा पाहा. किंमत पाचच ठेवून कंपन्यांनी वर्षानुवर्षे वजन घटवीत आणले. तरी पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या पुड्यातून अडीचशेच्या घरात कॅलरी मिळतातच. प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की निव्वळ कॅलरीच्या भावात पुडा आणि खीर यांत फरक जवळजवळ नाहीच. पुड्याचा सुमारे चौथा हिस्सा साखर असते, उरलेला मुख्यतः मैदा आणि स्निग्ध पदार्थ. उलट साठ ग्रॅम नाचणीतून दोनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. हा भेद आपल्याला मोलाचा. पण आजीच्या कनवटीच्या पाच रुपयांना तो दिसत नाही.

आणि खरा खर्च तर अजून धरलेलाच नाही. बाळासाठी दिवसातून तीनदा चूल पेटवणे, शिजवणे, निववणे, भांडी घासणे यांना मी दीड तास धरला; लाकडे आणण्याचा वेळ सोडूनच दिला. रोजगार हमीचा कर्नाटकातील दर २०२५-२६ साली दिवसाला ३७० रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ४६. म्हणजे त्या सहा रुपयांच्या खिरीत आईचे ६९ रुपये मिसळलेले आहेत. पंचाहत्तर रुपयांची खीर आणि पाच रुपयांचा पुडा! अशिक्षित म्हणून जिला आपण समजावू पाहतो, तिने हा हिशेब केव्हाच केलेला असतो.

घराबाहेरच्या जेवणाशी तुलना करणारे बहुतेक हिशेब येथेच फसतात. क्रिसिल ही संस्था घरी शिजवलेल्या थाळीचा खर्च दरमहा जाहीर करते. अलीकडच्या काळात शाकाहारी थाळी तीस रुपयांच्या आगेमागे राहिली आहे. त्यात धान्य, भाजी, तेल, गॅस सारे आहे, रांधणारी नाही. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये शिवभोजन सुरू केले, तेव्हा थाळी गरिबाला दहा रुपयांत दिली, पण तिचा पूर्ण खर्च ग्रामीण भागात ३५ आणि शहरात ५० रुपये धरला. तेथे रांधणाऱ्याला पैसे द्यावेच लागतात. शाळेतील माध्यान्ह भोजन पाहा. केंद्राच्या निकषात स्वयंपाक करणाऱ्या बाईचे मानधन २००९ साली महिना हजार रुपये ठरले, आणि पुढे किती वर्षे त्या आकड्याला कोणी हात लावला नाही! राज्ये आपापली भर घालतात म्हणून ते जरा तरी सुसह्य होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८. आपल्या डॉक्टर मंडळींच्या घरी रविवारी हॉटेलचे बिल पाहून ‘एवढ्यात घरी आठवडा निघाला असता’ असे म्हणण्याची पद्धत आहे. म्हणणारा बहुधा ओट्यापाशी उभा राहणारा नसतो.

या श्रमाला दाम मिळू शकतो हे मुंबईच्या गिरणगावाने दाखवून दिले. गिरणी कामगारांना आपल्या खोलीत जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या फासातून सोडवले. पोळी-भाजी तीच, हिशेबाच्या वहीत मात्र बाईचे नाव आले. जोयड्यातील पाहुण्यांच्या पानातही ते आले आहे. तान्ह्या मुलीच्या वाटीत ते कोठून आणायचे, हा प्रश्न उरतो.

पैसे आणता येत नाहीत, तर वेळ तरी वाचवावा. आपल्या जुन्या बायकांना ही विद्या अवगत होती. सातू, मेतकूट, भाजणी, नाचणीचे सत्त्व ही सारी एकदा कष्ट करून अनेक दिवस खाण्याची योजनाच. पुढच्या खेपेस मी उपदेश आवरला आणि आजीला विचारले. तिला सत्त्व येत होते. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडक उन्हात वाळवून मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून मृगाआधीच करून हवाबंद डब्यात ठेवायची. शास्त्राची एक पुस्ती मी जोडली. मोड आलेल्या धान्यात पिष्टमय पदार्थ फोडणारे पाचकद्रव्य असते. दाट शिजवलेली खीर जराशी निवल्यावर या पिठाचा एक चमचा तिच्यात ढवळला की ती पाणी न घालता पातळ होते. मग पुन्हा एक उकळी द्यायची. बाळाच्या इवल्या पोटात त्याच वाटीतून अधिक अन्न जाते. साखर-गूळ नको, पिकलेले केळे कुस्करून चालेल. शिजवायला दहा मिनिटे पुरतात.

बाळाचा बाप जीप चालवतो. दळण आणि केळी त्याच्याकडे आली. आईने मालकिणीशी बोलून ठरवले की अकराच्या सुमारास पाहुण्यांच्या चुलीवर बाळाचे पातेले चढेल आणि आजी मुलीला घेऊन तिकडेच येईल. मालकिणीने सुरुवातीस कुरकुर केली म्हणे. पण ताज्या खिरीची वाटी पाहून पाहुण्यांपैकी एका बाईने ‘हे आम्हालाही मिळेल का’ असे विचारले, आणि ती कुरकुर थांबली.

दोन महिन्यांनी काटा सात किलो शंभर ग्रॅम दाखवीत होता. बिस्किटांचे काय, असे मी विचारले. आजी ओशाळून हसली. बाजाराच्या दिवशी एक पुडा अजूनही येतो, म्हणाली. पण तो आता बहुधा तीच खाते.