विहिरीची पायरी आणि इंचभर मासा

पायऱ्यांची विहीर आपण सर्वांनी पाहिली आहे. पावसाळ्यात तिच्या पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यात एकेक उघडी पडते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. इथे नातेपुत्यात आमच्या विहिरीच्या तळाशी नुसते डबके उरले होते. त्यात बोटाएवढे मासे तडफडत होते. ते आम्ही अजून विसरलो नाही. म्हणून आज एका इवल्याशा माशाची हकिगत सांगतो.

अमेरिकेत नेवाडा नावाचे राज्य आहे. तिथल्या वाळवंटात खडकाला एक खोल भेग आहे. तिला 'डेव्हिल्स होल', म्हणजे सैतानाचे बीळ, म्हणतात. त्यात बारा महिने कोमट पाणी असते. पाणबुडे ४०० फुटांच्या खाली गेले, तरी तळ लागला नाही.

या पाण्यात इंचभर लांबीचा मासा राहतो. तो कुत्र्याच्या पिलासारखा बागडतो, म्हणून त्याला 'पपफिश' म्हणतात. ही जात रानात दुसरीकडे कुठेही नाही. पाणी एवढे खोल, पण माशाचे पोट भरते ते वरच्या एका खडकाच्या पायरीवर. ती पायरी खोलीएवढी. तिच्यावर पाणी थोडे. तिथे ऊन पोचते, शेवाळ उगवते. मासे तेच खातात आणि तिथेच अंडी घालतात.

१९६८ साली जवळच्या एका मोठ्या शेतावर पंप सुरू झाले. लसूणघास, गहू पिकू लागले. एक विहीर तर अडीच मैल लांब होती. तरी बिळातले पाणी उतरले. पायरी उघडी पडू लागली. असे का झाले? बघा, जमिनीवर बांध असतो. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो.

सरकार कोर्टात गेले. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शेती बंद करा, असे कोर्ट म्हणाले नाही. पायरीवर माशापुरते पाणी राहील, इतकाच उपसा करा, असे म्हणाले.

तरी धोका सरला नाही. २०१३ साली मोजणीत ३५ मासे भरले. २०२४ साली ते दोनशेच्या आसपास गेले. मग भूकंपाच्या हादऱ्यांनी पाणी हिंदकळले. पायरीवरचे शेवाळ, अंडी वाहून गेली. २०२५ च्या सुरुवातीला ३८ मासे मोजले गेले.

एवढ्याशा माशासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. जमिनीखाली पाणी किती उरले, हे तो मासा सांगतो. आपल्याकडे ते विहिरीची पायरी सांगते. पंप सुरू करण्याआधी एकदा विहिरीत वाकून बघा. किती पायऱ्या उघड्या आहेत, त्या मोजा. आता आपल्याला लिहिता येते. तो आकडा तारीख घालून वहीत लिहून ठेवा. शेजाऱ्यालाही दाखवा. पाणी दोघांचे एकच आहे.