संकेतस्थळांचे नियम व त्यांवरील वाद

छापखान्यांतून बाहेर पडलेलें पान पुण्यांत वाचलें काय किंवा नागपुरांत वाचलें काय, तें सारखेंच दिसतें. संकेतस्थळाच्या पानाची गोष्ट निराळी आहे. तें जुळवून तयार असें येत नाहीं. येतो तो मजकूर, व त्याबरोबर 'हा मथळा, हा परिच्छेद, ही चौकट' अशा सूचना. त्या वाचून पान उभें करण्याचें काम वाचकाच्या यंत्रांतील ब्राउझर करतो. म्हणजे येथें जुळारी घरोघर बसलेला आहे. या सर्व जुळाऱ्यांनीं सूचनांचा अर्थ एकच लावावा म्हणून जे नियम लिहिले गेले, त्यांस वेब-मानकें म्हणतात.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें सर्न या संशोधनसंस्थेंत मांडली, आणि नियम ठरविण्यासाठीं १९९४ मध्यें डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था काढली. परंतु पुढें लवकरच नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांची चुरस लागली, आणि जो तो आपल्या ब्राउझरांत स्वतःच्या खुणा घालूं लागला. चौकटीचेंच उदाहरण घ्यावें. रुंदी ३०० ठिपके, दोन्ही अंगांस आंतील मोकळी जागा २०-२० व कड ५-५ असें सांगितलें, तर १९९६ च्या नियमाप्रमाणें ३०० ही केवळ मजकुराची रुंदी. सगळी चौकट ३५० भरावयाची. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररची पांचवी आवृत्ति मात्र सारें ३०० मध्येंच बसवी. त्यामुळें एका ब्राउझरांत शेजारीं दिसणारा स्तंभ दुसऱ्यांत खालीं घसरे. गंमत अशी कीं, मायक्रोसॉफ्टचें माप सोईचें होतें. पुढें नियमांनींच तें ऐच्छिक म्हणून स्वीकारलें, व आज पुष्कळ रचनाकार तेंच वापरतात. गांवोगांवचा शेर वेगळा असे, तेव्हां कोणता शेर चांगला हा प्रश्न नव्हताच. शेर अनेक होते हीच अडचण होती.

१९९८ मध्यें कांहीं रचनाकारांनीं 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' स्थापून ब्राउझर करणाऱ्यांच्या मागें तगादा लावला. दुसरा पक्ष म्हणे, बहुसंख्य यंत्रांवर जो ब्राउझर आहे त्यांत पान नीट दिसलें म्हणजे पुरे. गिऱ्हाईक नियमांचे पैसे देत नाहीं. हें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें, पण त्याचें देणें मागाहून आलें. २००८ मध्यें मायक्रोसॉफ्ट आठवी आवृत्ति नियमांबरहुकूम करूं लागली, तेव्हां जुन्या आवृत्तींचे दोष गृहीत धरून रचलेलीं असंख्य पानें विस्कटण्याचा धोका दिसला. जानेवारींत अशी योजना पुढें आली कीं, पानानें विशेष खूण करून मागितल्याखेरीज नव्या ब्राउझरनें जुन्यासारखेंच वागावें. नियम पाळणाऱ्यानें अर्ज करावा आणि मोडणाऱ्यानें स्वस्थ बसावें, असा हा उफराटा न्याय होता. त्यावर ओरड झाली, व मार्चमध्यें कंपनीनें धोरण फिरविलें: नियम हाच परिपाठ, खूण करावी ती जुन्याची गरज असणाऱ्यानें.

नियमकर्तेही निर्दोष नव्हते. त्यांनीं आणूं घातलेल्या एक्सएचटीएमएल या भाषेची कडक अंमलबजावणी केली, तर एका चुकीनें सारें पान अडून बसे. २००४ मध्यें ॲपल, मोझिला व ऑपेरा येथील मंडळींनीं वेगळा गट काढून, चुकलेलें पानही सर्वांनीं एकाच रीतीनें कसें दाखवावें हें सुद्धां लिहून ठेवण्याचें काम अंगावर घेतलें. एचटीएमएल-५ ची भाषा त्यांतूनच आली, आणि २०१९ मध्यें डब्ल्यू-थ्री-सीनें त्या गटाशीं करार करून त्याचाच मसुदा आधारभूत मानला.

मराठी वाचकांनीं हाच गोंधळ अक्षरांच्या बाबतींत सोसला. युनिकोडमध्यें देवनागरीला १९९१ पासून स्थान असूनही पुष्कळ मराठी संकेतस्थळें वर्षानुवर्षें आपापल्या फॉन्टवर चालत. त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृति बसविलेल्या असत. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी! प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, म्हणून शब्द शोधूं गेल्यास सांपडत नसे, आणि अंधांसाठीं पान वाचून दाखविणारें यंत्र तर अर्थहीन अक्षरें उच्चारी. अशा रीतीनें लिहिलेल्या जुन्या मजकुराचें रूपांतर त्या त्या फॉन्टचा तक्ता समोर ठेवून करावें लागतें. तक्ता नसेल, तर एकेका अक्षराचा माग काढून तो नव्यानें बनवावा लागतो.