६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहान, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच कृती करा. ते तीन अंकी आलेच तर मागे शून्य धरा. १९०५ पासून सुरुवात करू :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढची वजाबाकीही ७६४१ − १४६७ अशीच होते. गाडी इथे थांबली ती थांबलीच. संख्या कोणतीही घ्या, फार तर सात पायऱ्यांत हेच स्थानक येते.

१९०५ हे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे जन्मवर्ष. डहाणूत जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांना हा शोध लागला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले.

हे घडते कसे? उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ मानू. वजाबाकी केली की ९९९(क − घ) + ९०(ख − ग) एवढेच उरते. म्हणजे पहिल्याच पायरीला मूळ अंक पुसले जातात आणि दोन फरक तेवढे शिल्लक राहतात. पहिला फरक १ ते ९ मधला. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, त्याहून मोठा कधीच नाही. अशा जोड्या फक्त ५४. हजारो संख्यांची गर्दी एका वजाबाकीत ५४ उत्तरांवर येते. ती सगळी तपासली, की सिद्धता पूर्ण! ६१७४ ची जोडी ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४. तिचे अंक मांडले, ७, ६, ४, १, तर फरक पुन्हा ६ आणि २ च.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही गंमत संख्येची नाही, ती दशमान पद्धतीत लिहिण्याची आहे. हे कसले गणित? आक्षेपातले पहिले विधान खरे आहे. पण म्हणून प्रश्न संपत नाही. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात सापडतात. पाच अंकी संख्यांनाही एक मुक्कामाचे ठिकाण नाही. त्याही चक्रांतच फिरतात. कृती तीच, मग चार अंकांनाच एकमेव मुक्काम का मिळावा आणि पाचांना का नाही? ५४ जोड्या तपासून ‘असेच होते’ याची खात्री पटते, ‘असेच का’ याचे समाधान होत नाही. सिद्धता आणि उलगडा यांतले हे अंतर एरवी मोठमोठ्या प्रमेयांच्या संदर्भात सांगितले जाते. इथे ते चौथीतल्या मुलाला येणाऱ्या वजाबाकीत दिसते.

कापरेकरांना शोध लागला ते १९४९ हे वर्षही ६१७४ ला सात पायऱ्यांनीच पोहोचते. तो योगायोग आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळून पाहावा असा.