रुईची म्हातारी आणि महायुद्ध
खारघरच्या टेकडीवर उन्हाळ्याच्या आरंभी रुईची बोंडे उकलून त्यांतील रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर तरंगू लागल्या, की मला १९४४ सालच्या अमेरिकेतील शाळकरी मुलांचे स्मरण होते. १९४२ मध्ये जपानने जावा बेट काबीज केल्यामुळे, प्राणरक्षक जाकिटांत भरावयाच्या पांढऱ्या सावरीच्या कापसाची आमदानी खुंटली, तेव्हा सरकारच्या आवाहनावरून त्या मुलांनी रानोमाळ हिंडून, आपल्या रुईच्याच कुळातील ‘मिल्कवीड’ नामक वनस्पतीची बोंडे कांद्याच्या जाळीदार पोत्यांत गोळा केली. दोन पोती बोंडांतून एक जाकीट सिद्ध होई, म्हणजे एक प्राण वाचे! हे तंतू पोकळ असून त्यांवर मेणाचा नैसर्गिक लेप असतो, म्हणूनच ते पाण्यावर तरंगतात. आपल्या रुईचे तंतूही तसेच पोकळ असतात.