नेम चुकतो कुठे?

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिक सुरू असताना बीडकरांचे डोळे आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेकडे लागले होते. तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याच्या काही दिवस आधी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. धावपटूचे हृदय जोरात धडधडावे लागते, नेमबाजाचे मात्र शांत राहावे लागते. कारण त्याच्या खेळात हृदयाचा एक ठोकाही नेम बिघडवू शकतो.

स्वप्नीलच्या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरले, तर नळीचे टोक केसाच्या जाडीएवढे हलले तरी गोळी लक्ष्यावर सुमारे ५ मिलिमीटर सरकते. असा नेम बिघडला की खेळाडू आधी बंदुकीला दोष देतो, मग गोळीला आणि सर्वांत शेवटी स्वतःला. खरे कारण शोधायचे तर रोगनिदानासारखेच क्रमाने जावे लागते.

पहिली पायरी म्हणजे लक्षण नीट पाहणे. दहा गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागल्या असतील, तर बंदूक आणि माणूस दोघेही ठीक आहेत. फक्त साइट सरकवावी लागेल. गोळ्या चाळणीसारख्या विखुरल्या असतील, तर साइट फिरवून काही उपयोग नाही. ताप का आला हे न पाहता रोज गोळी बदलण्यासारखेच ते आहे.

दुसरी पायरी म्हणजे माणूस आणि यंत्र वेगळे करणे. रायफल पकडीत घट्ट बसवून गोळ्या झाडल्या आणि त्या तरीही विखुरल्या, तर दोष यंत्रात किंवा काडतुसात आहे. दस्त्याचा सैल स्क्रू, हलणारी साइट, मळलेली नळी ही नेहमीची कारणे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

काडतुसाचे गणित तर अगदी सरळ आहे. पॉइंट टू टू बोअरची गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने जाते. ५० मीटर गाठेपर्यंत ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला, तरी लक्ष्यावर दोन-अडीच मिलिमीटरचा फरक दिसतो. म्हणून अव्वल नेमबाज एली किंवा लापुआसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रात आपली रायफल नेतात आणि तिला कोणत्या लॉटची काडतुसे मानवतात ते तपासून घेतात.

अमेरिकेत काही हौशी लोक घरी रायफल जुळवतात आणि काडतुसेही स्वतः भरतात. तिथेही हे काम जोखमीचे मानले जाते. दारू थोडी जास्त झाली तर नळीतला दाब वाढतो आणि बंदूक हातातच फुटू शकते. भारतात परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. गावठी कट्ट्याच्या नळीची ताकद कोणी तपासलेली नसते. तो फुटला तर बोटे, तळहात आणि डोळे जातात, आणि ते जोडून देणे सर्जनच्याही हातात नसते.

बंदूक आणि गोळी निर्दोष निघाली, तर तपासणी माणसाची. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याने हातापर्यंत धक्का पोहोचतो, म्हणून अनुभवी नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणी चाप ओढायला शिकतात. श्वास अर्धा सोडून थोडा वेळच रोखायचा. आठ-दहा सेकंदांपुढे ताणले की हात थरथरतो आणि नजर धूसर होते. अपुरी झोप, उपाशीपोट आणि जास्त चहा-कॉफीनेही कंप वाढतो. हात सतत थरथरत असेल, तर थायरॉइड तपासून घ्यावे. दम्याच्या सालब्युटामॉल पंपानेही कंप येतो, पण पंप स्वतःहून बंद करू नये. चाळिशीनंतर जवळची पुढची साइट अंधुक दिसू लागते. त्या वेळी दोष बंदुकीत नसतो, चष्म्याच्या नंबरात असतो.

इथेच एक धोक्याचे वळण आहे. रक्तदाबासाठी आणि छातीतल्या धडधडीसाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या ठोके मंद करतात आणि कंप कमी करतात. म्हणूनच नेमबाजीत त्यांच्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सूची दोन पदके प्रोप्रॅनोलॉल सापडल्याने काढून घेण्यात आली. कोणाच्या सांगण्यावरून ही गोळी घेणाऱ्या दम्याच्या मुलाचा श्वासही अडकू शकतो. रक्तदाबाच्या रुग्ण खेळाडूने आपण नेमबाज आहोत हे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे दुसरे औषध निवडता येते.

आणखी दोन दुखणी आवाज न करता येतात. पॉइंट टू टू रायफलचा बार सुमारे १४० डेसिबलपर्यंत जातो. कानाची संरक्षण साधने नसतील तर ऐकू येणे कायमचे कमी होते आणि गेलेले परत येत नाही. दुसरे शिसे. गोळीत आणि काडतुसाच्या टोपीत शिसे असते आणि बंद रेंजमध्ये त्याची धूळ साचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. मुलांच्या मेंदूवर आणि गर्भावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. रेंजवर खाऊ-पिऊ नये, बाहेर पडताना हात साबणाने धुवावेत, फरशी कोरड्या झाडूने झाडू नये, कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. नियमित सराव करणाऱ्याने रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

पिस्तूल मिरवण्याच्या व्हिडिओंमुळे बीड जिल्ह्याचे नाव राज्यभर गाजले आणि प्रशासनाला परवाने रद्द करावे लागले. लग्नात हवेत झाडलेली गोळी खाली येताना कोणाचे घर पाहत नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाला खरेच नेमबाजीची ओढ असेल, तर त्याला कट्ट्यापासून दूर आणि प्रशिक्षकाच्या हाताखाली एअर रायफलपाशी नेणे हे पालकांचे काम. रेंजवर पाऊल टाकण्याआधी त्याचे डोळे, कान आणि रक्तदाब जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावेत.